मायनं सोडलेलं मीठ

उकंडराव हे नाव ऐकून शहरातली माणसं हसतात. हसोत बापडी. ज्या घरात तीन लेकरं पाळण्यातच गेली, त्या घरात चौथ्याचं नाव कुणी लाडानं ठेवत नाही. भिमाबाईची तीन गेली होती. चौथा झाला तेव्हा सुईणीनं त्याला सुपात घातलं आणि घरामागच्या उकंड्यावर, म्हणजे शेणकेराच्या ढिगावर, नेऊन ठेवलं. शेजारीण गेली, 'पोर सापडलं, पोर सापडलं' म्हणत घेऊन आली, आणि भिमाबाईनं पायलीभर ज्वारी देऊन आपलंच लेकरू तिच्याकडून विकत घेतलं. काळाला वाटावं की हे फेकून दिलेलं आहे, याला नेऊन काय करायचं. एवढ्यावरही भागलं नाही. पोराचं नाक टोचलं, त्यात सोन्याची बारीक नथ घातली, केस वाढवले, अंगात परकर-पोलकं चढवलं. मुलगा नव्हेच, मुलगी आहे असं दाखवायचं. मुलगी म्हटल्यावर काळसुद्धा फिरकत नाही अशी त्या वेळी सगळ्यांची खात्री होती, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

उंद्रीच्या शिवारात त्यांचा भाजीपाल्याचा मळा. मळ्यापलीकडे टेकडी, टेकडीवर गावदेवी. भिमाबाईनं तिला बोलून ठेवलं होतं, 'पोरगं पाच वर्सांचं झालं की तुह्या पायरीवर त्याची नथ काढीन, तुह्या पायाशी वाहीन, अन् मंगच त्याले पोराचे कपडे घालीन.' पोरगं जगलं. पाच वर्षांचं झालं आणि नेमका बहात्तरचा दुष्काळ पडला. विहिरी खरडल्या, मळा उन्हानं भाजून निघाला. बाप महादेवराव एके सकाळी उठला, पोराच्या नाकातली नथ काढली, पोराला घेऊन चिखलीला गेला, ती सोनाराकडे मोडली आणि लाल मिलो ज्वारीचं पोतं घेऊन आला. येताना न्हाव्याकडे बसवून पोराचे केसही उतरवले. "देवीले काय कमी हाय? तिले पोट थोडंच हाय!" असं म्हणाला. भिमाबाई रडली, पण त्या मिलोच्या भाकरी तिनंच थापल्या, आणि सगळ्यांसोबत तिनंही खाल्ल्या. भूक लागली होती.

ही नथ भिमाबाईच्या जिवाला जी लागली ती लागलीच.

अहो, नाक टोचलेली अशी पोरं त्या काळी गावोगाव होती. त्यांची लग्नं झाली, लेकरं झाली, दारू पिऊन बायकोला बडवणारेही त्यातलेच निघाले. पण भिमाबाईला हे कोण सांगणार? तिचा उकंडा मऊ बोलायचा, पोरांच्या कुस्तीत न जाता चुलीपुढे येऊन बसायचा, आणि ती त्याच्याकडे बघता बघता भाकर करपवायची. देवीचा ऐवज आपण खाल्ला, म्हणून देवीनं पोराला आतून पोरगीच ठेवलं, असं तिच्या मनानं घेतलं. हे ती कुणापाशी बोलली नाही. बोलली असती तर एखाद्या शहाण्या बाईनं तिला वेड्यात काढलं असतं, आणि तेच बरं झालं असतं.

उकंडा चोवीस वर्षांचा झाला तेव्हा वरवट बकाल गावची पोरगी पसंत केली. साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, आदल्या दिवशी तो बापासमोर उभा राहिला. "बाबा, मले बायको नको. मले बाईमाणसाचं कधी काही वाटलंच नाही. त्या पोरीचं वाटोळं काऊन करता?" एवढंच बोलला, आणि खरं बोलला. बापानं बैलाची काठी काढली. काठी मोडेस्तोवर मारलं, वर ओरडला, "माह्या घरात मर्द जन्मले आजवर, मर्द!" त्या दिवसापासून महादेवराव थोरल्या लेकाशी बोलला नाही. पुढे वारला, तेव्हा शेवटचं पाणीही त्यानं धाकट्या अविनाशच्या हातचं घेतलं.

भिमाबाईनं पोराला बोल लावला नाही. पाठीला हळद-तेल लावलं, आणि येत्या मंगळवारी अळणी जेवली. दर मंगळवारी मीठ नाही, असा नेम तिनं धरला. पुरुषाला राग आला की तो दुसऱ्याच्या पाठीवर काढतो आणि बाईला आला की आपल्या पोटावर, ही आपल्याकडची जुनी रीत. उकंडानं विचारलं, "माय, मंगळवार कायचा?" ती म्हणाली, "देवीचा." तेहतीस वर्षं तो समजत होता की हा साधा देवीचा वार आहे.

गावानं त्याला टाकलं नाही, हेही सांगायला हवं. गोकुळाष्टमीला भारुडात गवळणीचं सोंग उकंडरावाचंच. लुगडं नेसून तो माठ घेऊन उभा राहिला की बाप्ये शिट्ट्या मारत, फेटे उडवत. दुसऱ्या दिवशी तेच बाप्ये पानठेल्यावर डोळे मिचकावून विचारत, "काय उकंडाबाई, आज कोठी चालली?" बायका हसत नसत. त्या त्याला पापडाला बोलवत, वाटीभर सांडगे देत, सासूची गाऱ्हाणी त्याच्यापाशी सांगत. त्यांना त्याची कीव यायची. पण 'तुझ्या मनात काय आहे' असं त्याला ना बाप्यांनी विचारलं, ना बायांनी.

विचारलं ते शालिग्रामनं. शेजारच्या मळ्याचा मालक, भजनात पखवाज वाजवणारा, घरी बायको शालूबाई आणि दोन लेकी. दोघांची विहीर सामाईक होती. वांग्याला पाणी कुणी आधी द्यायचं यावरून भांडण सुरू झालं आणि पाळ्या लावता लावता दोघं बांधावर बसू लागले. मग बावीस वर्षं बसले. शालिग्रामच्या फटफटीवर मेथी-पालकाची गाठोडी बांधून दोघं चिखलीच्या बाजाराला जात, येताना एकाच कागदातली गरम भजी खात. उकंडराव त्या बावीस वर्षांत भजनाला एकदाही चुकला नाही. देवाशी त्याचं भांडण नव्हतंच मुळी. पखवाजावर थाप पडली की त्याला वाटे, देव इथंच कुठंतरी बसून ऐकत असेल आणि त्याचं काही म्हणणं नसेल.

बरोबर होतं की चूक? शालूबाईला विचाराल तर तिच्या बाजूनं चूकच. तिला किती ठाऊक होतं ते तीच जाणे, तोंडातून तिनं कधी अक्षर काढलं नाही. भिमाबाईला मात्र काहीच ठाऊक नव्हतं. शालिग्राम दारात आला की ती तांब्याभर ताक पुढे करायची आणि म्हणायची, "हा माहा तिसरा लेक."

चार वर्षांपूर्वी शालिग्राम तापानं गेला. सरणापाशी भाऊ होते, जावई होते, पाहुणेरावळे होते. उकंडराव मागे, गावकऱ्यांत उभा राहिला. घरी येऊन इतरांसारखी आंघोळ केली. दुसऱ्या दिवशी वांगी तोडून बाजारात नेली, कारण शेजाऱ्याचं सुतक कोण पाळतो? आतडं तुटत होतं, आणि रडायला सांगण्यासारखं नातं नव्हतं. वांगी तोलता तोलता हात थांबायचा, गिऱ्हाईक म्हणायचं, "काय झालं बे, झोपला का?"

हे सगळं असंच मुकाट राहिलं असतं. पण गेल्या वर्षी सप्ताहात बाहेरगावचे एक कीर्तनकार आले. बोलता बोलता गाडी घसरली ती कलियुगावर. "आता म्हणे बाप्या बाप्याशी संसार मांडतो! अरे, देवानं जोडी कोणाची लावली? अशाले गाढवावर बसवा अन् वेशीबाहेर काढा!" मांडवात पुरुषांच्या बाजूला हशा पिकला. उकंडराव तेव्हा वाढप्यांत होता, हातात पाण्याची बादली. दोघा-तिघांनी मान वळवून त्याच्याकडे बघितलं, मग दहा-वीस जणांनी. बायकांच्या बाजूला हसू नव्हतं. तिथं सगळ्यांनी पदर तोंडाला लावून भिमाबाईकडे बघितलं. ते हसणं आणि हे बघणं, यातलं कोणतं जास्त वाईट ते सांगता येत नाही. भिमाबाई उठली, गुडघे धरत घरी आली, आणि देवीच्या फोटोपुढे बोलली, "माहं लेकरू नीट करशील तवाच मीठ खाईन." म्हणजे आता मंगळवारच नाही, रोजच अळणी.

ऐंशी ओलांडलेलं शरीर, त्यात ब्लड प्रेशरची गोळी. आठ-नऊ महिन्यांत तिला चक्कर येऊ लागली, जीभ जड झाली, भलतंच बोलू लागली. एका दुपारी अंगणातच कोसळली. चिखलीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं रक्त तपासलं आणि दोन्ही भावांना समोर बसवून सांगितलं, "यांच्या रक्तातलं मीठ उतरलंय. सलाईननं वर आणते, पण घरी जाऊन पुन्हा अळणी जेवल्या, तर पुढच्या वेळी जीव वाचायचा नाही."

अविनाश चिखलीलाच एका कचेरीत कारकून; दवाखान्यातून मायला आधी त्याच्याच घरी नेलं. त्यानं समजावलं, हात जोडले, रागावला. भिमाबाई नाही म्हणजे नाही. त्याच्या बायकोनं, अर्पितानं, वरणात हळूच चिमूटभर मीठ घातलं. पहिल्याच घासाला म्हातारीनं ताट सरकवलं आणि नेम मोडला म्हणून दोन दिवस पाण्याशिवाय काही घेतलं नाही. तेव्हा कुठे, अर्पिता रडायला लागल्यावर, तिनं नथीची सगळी कथा तिला सांगितली. अर्पितानं ती दिराला सांगितली. दीर वयानं मोठा, तिनं मान खाली घालूनच सांगितलं.

उकंडराव ऐकतच राहिला. तेहतीस वर्षांचे मंगळवार त्याच्यासाठी होते तर! बिचाऱ्यानं त्याच आठवड्यात नवी सोन्याची नथ घडवली. मायला ऑटोत बसवून चिखलीहून उंद्रीला, टेकडीपाशी आणलं, वर पायऱ्यांनी पाठीवर घेऊन चढला, देवीच्या पायाशी नथ ठेवली, डोकं टेकवलं. माय इतकी खूश झाली की उतरताना पाठीवर बसल्या बसल्या त्याच्या कानात गाणं म्हणत होती. तीन दिवस मीठ खाल्लं. चौथ्या दिवशी त्याला न्याहाळून विचारलं, "झाला का काही फरक? पाहू का एखादी? काडीमोडवाली चालंन." अठ्ठावन्न वर्षांचा, अर्धे दात गेलेला उकंडराव हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. माय काय समजायचं ते समजली. देवीचा राग गेला नाही म्हणाली, आणि मिठाची वाटी बाजूला केली.

पंधरवड्यात पुन्हा चक्कर.

आता राहिलं होतं एकच. दुपारची वेळ, ओसरीवर दोघंच, मध्ये मेथीचा ढीग. माय पानं खुडत होती. उकंडराव म्हणाला, "माय, त्या नथीचा याच्याशी काही संबंध नाही."

"तुले काय समजते?"

"मलेच समजते व. नथ तू देवीले वाहली असती तरी म्या असाच राह्यलो असतो. म्या जलमलोच असा. तुहा काही गुन्हा नाही, बाबाचा नाही, देवीचाबी नाही."

"असा म्हनजे कसा?"

इथं तो थांबू शकला असता. पण आईला खरं सांगायचं तर पुरतं सांगावं, असं त्याला वाटलं. चूक झाली असेल तर ती इथं झाली. "माय, मले माणूस होता. बायको नव्हती, पन माणूस होता. बावीस वर्सं. शालिग्राम."

मेथीची काडी हातातच राहिली. भिमाबाई म्हणाली, "म्या त्याले ताक देत होते."

"हाव."

"माहा तिसरा लेक म्हनत होते."

"हाव माय."

तिनं हातातली काडी ढिगावर ठेवली आणि विचारलं, "मंग तू सुखात होता?"

नाही म्हणायचं त्याच्या मनात आलं. पण शालिग्रामला मेल्यावर नाकारणं त्याला जमेना. "होतो, माय. लय सुखात होतो."

"तू सुखात होता," भिमाबाई म्हणाली, "अन् म्या वरणात मीठ नाही घातलं."

तो काही बोलायच्या आत तिनं ताट मागितलं. भाकर, वरण, वर मीठ. मीठ तिनं स्वतःच्या हातानं घातलं, जरा जास्तच, आणि पोटभर जेवली. उकंडरावाला वाटलं, जिंकलो. आनंदानं त्यानं अविनाशला फोन केला. माय ताटावरूनच म्हणाली, "त्याले सांग, मले घेऊन जाय म्हना. म्या आता तिकडंच राहीन."

चिखलीला भिमाबाई महिनाभरात टवटवीत झाली. चक्कर गेली, जीभ मोकळी झाली, काठी टेकत देवळात जाऊ लागली. डॉक्टरीणबाईनं तिच्या पाठीवर थाप मारली. उकंडराव दर आठवड्याला बाजार आटोपून पिशवीभर भाजी घेऊन दाराशी येई. पिशवी अर्पिता घेई, माय आतल्या खोलीतून बाहेर येत नसे. तिसऱ्या-चौथ्या वेळेला त्याला कळलं की त्यानं आणलेली भाजी माय खातच नाही.

"वयनी, खरं सांगा," तो म्हणाला. धाकट्या भावाच्या बायकोला तो असंच मानानं हाक मारी. "माय काय म्हनते?"

अर्पिता बिचारी दाराची कडी चाळवत उभी राहिली. मग म्हणाली, "भाऊजी, त्या म्हणतात, नथीचं पाप माहं होतं तवर तो माहा लेक होता. आता पाप त्याचं त्याच्यापाशी हाय. मले त्याचं काही लागत नाही."

उकंडराव तिथंच पायरीवर बसला. आता कळलं त्याला. आपण मायच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं असं समजत होतो, पण त्याच ओझ्याखाली तिनं आपल्याला सांभाळलं होतं. गुन्हा तिचा होता, म्हणून लेकरू निर्दोष होतं, आणि निर्दोष लेकरावर माया करायला देवाची आडकाठी नव्हती. तिनं काय वाईट केलं? देवळात, कीर्तनात, नवऱ्याच्या घरात तिला जे शिकवलं, ते तिनं पाळलं. इतकं सगळं कळूनही त्याला मायचा राग आला, भयंकर राग आला, आणि रागाच्या खालून नुसती आठवण येत राहिली, टेकडी उतरताना कानाशी म्हटलेल्या त्या गाण्याची.

आषाढात, आखाडीच्या सणाच्या आठवड्यात भिमाबाईनं स्वतःहून निरोप धाडला. उकंडराव धुतलेला सदरा घालून, भाजीची पिशवी घेऊन गेला. माय पलंगावर बसली होती, गाल भरलेले, हातात बांगड्या रुतत होत्या. तिनं त्याला जवळ बसवलं. कित्येक आठवड्यांनी तिचा हात त्याच्या पाठीवर आला.

"उकंडा, लेका, एक विचारू? त्या दिवशी तू तसं काऊन बोलला, ते म्या ओळखलं. म्या मीठ खावं म्हनून बोलला ना तू? तुले कोनी माणूस-बिनूस नव्हता. त्या नथीनंच झालं हे सगळं. हो ना?"

उकंडराव सदऱ्याची बाही सारखी करू लागला.

"तू फक्त हाव म्हन, बाप्पा. एकडाव हाव म्हन. म्या आताच्या आता तुह्यासंगं घरी येते. तुह्या हातची भाकर खाते. कोनी काही बोललं तर म्या सांगीन, पाप माहं हाय, माह्या लेकराले बोलू नका."

तिचे डोळे लहान पोरासारखे त्याच्या तोंडाकडे लागले होते. हाव त्याच्या ओठांवर आला होता. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसालाही आई हवी असते, आणि तिच्याशिवाय आता त्याला कुणी नव्हतं. पण हाव म्हटलं की ती घरी येणार, चुलीपुढे बसणार आणि आजपासूनच मीठ सोडणार, हे त्याला समोरच्या भिंतीइतकं स्वच्छ दिसत होतं. मग पावसाळा काही तिनं काढला नसता.

"नाही, माय," तो म्हणाला. "त्या नथीनं काही झालं नाही. शालिग्राम होता."

भिमाबाईनं हात काढून घेतला. मग डोक्यावरचा पदर पुढे ओढला, कपाळ झाकेपर्यंत, परक्या पुरुषासमोर घेतात तसा, आणि आतल्या बाजूला तोंड करून म्हणाली, "अर्पिता, पाव्हण्याले चहा दे व."

ती काठी टेकत स्वयंपाकघरात गेली. जेवणाची वेळ झाली होती. उकंडराव बाहेरच्या खोलीत बशीत चहा ओतून बसून राहिला. आतून ताट मांडल्याचा आवाज आला, अर्पिताचं 'अजून वाढू का' ऐकू आलं. मायनं वरण मागून घेतलं, मग भात घेतला, पुन्हा वरण घेतलं. तेव्हा तो उठला, रिकामी पिशवी घडी करून काखेत मारली आणि उंद्रीच्या गाडीला गेला.